मोठ्या पेन ड्राइव्हची नक्कल छोट्यात: एका जुन्या अडचणीचा इतिहास

एक ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आहे. त्यातला डेटा जेमतेम २० जीबी. शेजारी ३२ जीबीचा कोरा ड्राइव्ह ठेवला आहे. कोणीही म्हणेल, २० जीबीचा माल ३२ जीबीत सहज मावेल. पण लिनक्समध्ये डिस्कची नक्कल करणारी सर्वांत जुनी कमांड वापरून पाहा. अर्ध्या वाटेवर ती थांबते आणि सांगते, जागा शिल्लक नाही. हाती आलेला ३२ जीबीचा ड्राइव्ह उघडतही नाही.

माल मावतो, पण नक्कल मावत नाही. हे असे का होते, याचे उत्तर तंत्रज्ञानाइतकेच इतिहासात आहे. कारण ही कमांड जन्मली तेव्हा पेन ड्राइव्ह नव्हता, लिनक्स नव्हते आणि घरगुती संगणकही नव्हता.

आंधळी, पण प्रामाणिक

त्या कमांडचे नाव 'डीडी'. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचे काम सुरू केले. त्यानंतर पाचेक वर्षांत, १९७४च्या सुमारास, 'डीडी' युनिक्समध्ये दिसू लागते. नाव मात्र युनिक्सवाल्यांचे नव्हते. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर काम सोपवण्यासाठी 'जेसीएल' नावाची भाषा वापरत. त्या भाषेत कोणता डेटा कुठून घ्यायचा हे सांगणाऱ्या ओळीला 'डीडी' म्हणत, म्हणजे 'डेटा डेफिनिशन'. युनिक्सच्या बाकी कमांडशी 'डीडी'ची बोली जुळत नाही ती याचमुळे. इनपुट फाइल बरोबर अमुक, आउटपुट फाइल बरोबर तमुक, अशी तिची मांडणी आजही तशीच आहे.

तेव्हाची गरज वेगळी होती. आयबीएमची यंत्रे अक्षरे एका सांकेतिक पद्धतीने लिहीत, बाकीची यंत्रे दुसऱ्या. चुंबकीय टेपवरचा डेटा एका यंत्रातून दुसऱ्यात नेताना अक्षरांचे रूपांतर करावे लागे, तुकड्यांचा आकार बदलावा लागे. ते काम 'डीडी' करी. टेपवर काय लिहिले आहे, पत्र आहे की पगारपत्रक, याच्याशी तिला देणेघेणे नव्हते. पहिल्या बाइटपासून सुरुवात करायची, शेवटच्या बाइटपर्यंत जायचे, वाटेत जे दिसेल ते उतरवायचे.

हाच तिचा गुण आणि हीच तिची मर्यादा. 'डीडी' आंधळी आहे, पण प्रामाणिक आहे. ६४ जीबीचा ड्राइव्ह दिला की ती ६४ जीबी उतरवणार, त्यात २० जीबी माल आहे की २ जीबी, हे ती पाहत नाही. शिवाय इनपुट आणि आउटपुटची नावे उलटी पडली तर ती कोऱ्या ड्राइव्हची नक्कल भरलेल्या ड्राइव्हवर करून मोकळी होते. एका शब्दानेही विचारत नाही. म्हणूनच लिनक्स वापरणाऱ्यांनी गमतीने तिचे नाव 'डिस्क डिस्ट्रॉयर' असे फोडले आहे.

गोदाम आणि नोंदवही

आता ड्राइव्हच्या आत पाहू. ड्राइव्हला एक मोठे गोदाम समजा. त्यात सारख्या मापाचे खण आहेत. या खणाला सेक्टर म्हणतात आणि त्याचे पारंपरिक माप ५१२ बाइट. ६४ जीबीच्या ड्राइव्हमध्ये असे साडेबारा कोटी खण होतात. गोदामाच्या दारातच एक पाटी असते, ती पार्टिशन टेबल. कोणता विभाग कोणत्या खणापासून कुठपर्यंत आहे, हे त्यावर लिहिलेले असते. आणि प्रत्येक विभागात एक नोंदवही असते. कोणती फाइल कोणकोणत्या खणांत आहे आणि कोणते खण रिकामे आहेत, हे त्या वहीत असते. या वहीच्या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात.

या वह्याही काळानुसार बदलत गेल्या. 'फॅट' ही पद्धत १९७७ सालची, मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्ड यांनी बांधलेली. फॅट-३२ हे तिचे रूप १९९६ साली आले आणि आजही अनेक पेन ड्राइव्हवर तेच असते. लिनक्सचा पहिला गाभा फिनलंडच्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली खुला केला. त्यासाठी रेमी कार्ड यांनी १९९३ साली 'ईएक्सटी-२' लिहिली. तिची आजची वारस 'ईएक्सटी-४' २००८च्या अखेरीस लिनक्समध्ये पक्की झाली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेकांना वाटते की २० जीबीचा डेटा ड्राइव्हच्या सुरुवातीच्या २० जीबीत ओळीने बसलेला असेल, म्हणून पहिला अर्धा भाग उतरवला की काम झाले. तसे नसते. ईएक्सटी-४ फाइल्स मुद्दाम पसरवून ठेवते, म्हणजे पुढे एखादी फाइल वाढली तर शेजारी जागा सापडावी. एखादे महत्त्वाचे पान गोदामाच्या अगदी मागच्या भिंतीपाशी असू शकते. आंधळेपणाने अर्धे गोदाम उतरवले तर ते पान गेलेच. वर नव्या गोदामातली वही सांगत राहते की इथे साडेबारा कोटी खण आहेत, आणि प्रत्यक्षात सव्वासहा कोटीच असतात. लिनक्स ही विसंगती पकडते आणि ड्राइव्ह उघडायला नकार देते. तो नकार योग्यच आहे.

खिशातले गोदाम

ही अडचण घरोघरी आली ती पेन ड्राइव्हमुळे. वीज गेली तरी डेटा जपणारी फ्लॅश मेमरी जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी शोधली. तिची पहिली मांडणी १९८४ साली झाली. ज्या प्रकारावर आजचे पेन ड्राइव्ह चालतात, तो 'नँड' प्रकार १९८७ साली जगापुढे आला. ती संगणकाला जोडण्याचे सोपे दार १९९६ साली मिळाले, यूएसबी. इंटेलमधील ज्या चमूने ते घडवले त्यात अजय भट्ट आघाडीवर होते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. गायकवाडांच्या बडोद्याशी मराठी माणसाचे नाते जुने आहे, म्हणून हा तपशील नोंदवावासा वाटतो.

२००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने आपापले ड्राइव्ह बाजारात आणले. एम-सिस्टिम्सचा ड्राइव्ह आयबीएमच्या नावाने विकला गेला, त्याची क्षमता होती ८ एमबी. मोबाइलमधले दोन-तीन फोटोच त्यात आज मावतील. पुढे क्षमता वाढत गेली आणि त्यासोबत मापाचा घोळही वाढला. कंपन्या जीबी मोजतात तो शंभर कोटी बाइटचा. संगणक अनेकदा मोजतो तो दोनच्या पटीतला, थोडा मोठा. म्हणून १६ जीबीचा ड्राइव्ह संगणकात १४.९ दिसतो आणि ६४ जीबीचा ५९.६. ही दोन मापे वेगळ्या नावांनी ओळखावीत, असे मानक १९९८ साली ठरले, पण बाजाराने ते मनावर घेतले नाही.

भरीला, दोन कंपन्यांच्या '१६ जीबी' ड्राइव्हमध्ये खणांची संख्या नेमकी सारखी नसते. एकात काही हजार खण जास्त, दुसऱ्यात कमी. म्हणजे मोठ्यातून छोट्यात नक्कल करण्याचा प्रसंग ६४ आणि ३२च्या बाबतीतच येतो असे नाही. पाकिटावर एकच आकडा छापलेल्या दोन ड्राइव्हमध्येही तो येतो. पुष्कळांची या अडचणीशी पहिली भेट अशीच होते.

वही वाचणारी साधने

'डीडी'ला जे दिसत नव्हते ते पाहणारी साधने पुढच्या काळात आली. या इतिहासाचा गाभा हाच आहे. नक्कल करणाऱ्याने आधी वही वाचायला शिकले पाहिजे.

व्यापारी जगात हे काम गाजवले 'घोस्ट'ने. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या बायनरी रिसर्च कंपनीत मरे हझार्ड यांनी ते लिहिले आणि १९९८ साली सिमॅन्टेक कंपनीने विकत घेतले. घोस्टला फॅटची नोंदवही वाचता येत होती, त्यामुळे वेगळ्या मापाच्या डिस्कवरही ते माल बसवू शके. आपल्याकडे संगणक दुरुस्तीच्या दुकानांत 'घोस्ट मारणे' हे क्रियापदच झाले होते. पण ते विकतचे सॉफ्टवेअर. २०१३ साली कंपनीने घरगुती नॉर्टन घोस्ट बंद केले आणि त्यावर विसंबलेल्यांना दुसरा रस्ता शोधावा लागला.

दुसरा रस्ता तयारच होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाने सॉफ्टवेअर वाचण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य मागितले होते. त्या विचारातून जगभरच्या लोकांनी एकेक वीट ठेवली. थिओडोर चो यांनी ईएक्सटी फाइल सिस्टिम लहान-मोठी करणारे 'रिसाइझ-टू-एफएस' लिहिले. पार्टिशन हलवणारे 'पार्टेड' आले. २००४ साली त्याला चित्रांचा चेहरा देणारे 'जीपार्टेड' आले, त्यामुळे कमांड न टंकताही माउसने पार्टिशन आवळता येऊ लागले.

तैवानमध्ये सरकारी उच्चक्षमता संगणन केंद्रातील मंडळींनी 'पार्टक्लोन' आणि 'क्लोनझिला' घडवली. यात थॉमस त्साय आणि स्टीव्हन शियाव ही नावे महत्त्वाची. या चमूचे आधीचे काम एका सर्व्हरवरून वर्गातले अनेक संगणक चालवण्याचे होते, त्यातूनच पुढे क्लोनझिला उभे राहिले. पार्टक्लोन नोंदवही वाचते, भरलेले खण कोणते ते पाहते आणि तेवढेच उचलते. ६४ जीबीच्या ड्राइव्हमध्ये २० जीबी माल असेल तर २० जीबीच वाचले जातात. आणि वहीची भाषा ओळखीची नसेल तर क्लोनझिला काय करते? ते निमूट 'डीडी'कडे वळते. ओळख नसेल तिथे आंधळी नक्कल, असा हा साधा नियम आहे.

पण क्लोनझिलाचीही एक अट आहे, ती त्याच्या माहितीपत्रात स्पष्ट लिहिलेली असते. नवे पार्टिशन जुन्याएवढे किंवा त्याहून मोठे हवे. कारण पार्टक्लोन भरलेले खण उचलते खरे, पण ते मूळच्याच क्रमांकावर ठेवते. मागच्या भिंतीपाशी असलेल्या फाइलसाठी नव्या गोदामातही तेवढीच लांब भिंत लागते. म्हणून मोठ्यातून छोट्यात जायचे तर आधी सामान पुढे सरकवावे लागते.

हे काम मी कसे केले

या विषयात मी शिरलो त्याला कारण होते. आमच्या ओळखीतल्या काही कुटुंबांचे जुने कागद आम्ही काही जणांनी मिळून स्कॅन केले होते. मोडीतली खरेदीखते, उर्दूतली पत्रे, निकाहनामे, शाळा सोडल्याचे दाखले. ६४ जीबीच्या ड्राइव्हवर लिनक्सच बसवले होते, म्हणजे कोणत्याही जुन्या संगणकाला लावून सुरू केले की कागद शोधता यावेत. एकच प्रत होती आणि तीच धास्ती होती. प्रत्येक घरात एक प्रत द्यायची तर ३२ जीबीचे ड्राइव्ह परवडणारे होते. दुकानदार म्हणाला, "मोठ्यातून छोट्यात होत नाही भाई, सगळे ६४चेच घ्या." त्याचे म्हणणे 'डीडी'पुरते खरे होते.

नुसत्या फाइल्स हव्या असत्या तर एवढा खटाटोप नको होता. नव्या ड्राइव्हवर नवी फाइल सिस्टिम बनवून 'आरसिंक'ने फाइल्स उतरवणे पुरेसे असते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचे हे १९९६ सालचे साधन आजही उत्तम आहे. फॅट असलेल्या साध्या पेन ड्राइव्हसाठी मी तेच सुचवीन. पण इथे चालू होणारी अख्खी प्रणाली हलवायची होती.

पायऱ्या अशा. पहिली, ड्राइव्ह वापरातून सोडवणे, म्हणजे अनमाउंट करणे. ईएक्सटी-४ वापरात असताना वाढवता येते, आवळता येत नाही. दुसरी, वही तपासून घेणे. आधीच चुकलेली वही आवळायला घेतली तर नुकसान ठरलेले. तिसरी, फाइल सिस्टिम आवळणे. मी ती २४ जीबीवर आणली. या पायरीत 'रिसाइझ-टू-एफएस' मागच्या खणांतला माल पुढच्या रिकाम्या खणांत आणते आणि वहीत नवा पत्ता लिहिते. चौथी, पार्टिशन आवळणे. ते मी २६ जीबीचे ठेवले, थोडी मोकळीक सोडून. हा क्रम उलटा करायचा नाही. आधी भिंत आत घेतली आणि सामान मागेच राहिले तर ते भिंतीबाहेर पडते. जीपार्टेड या दोन्ही पायऱ्या योग्य क्रमाने स्वतःच करते.

मग पाचव्या पायरीला 'डीडी'चीच पाळी. आता सगळा माल पुढच्या भागात होता, तेव्हा तिला सांगितले की सुरुवातीचे २७ जीबी उतरव आणि थांब. आंधळ्या साधनाला मर्यादा आखून दिली की ते उत्तम काम करते.

सहावी पायरी अनेकजण विसरतात. आजची जीपीटी नावाची पार्टिशन पद्धत आपली पाटी दोन ठिकाणी लावते, एक सुरुवातीला आणि राखीव प्रत ड्राइव्हच्या अगदी शेवटी. छोट्या ड्राइव्हवर ते जुने शेवटचे टोक आलेलेच नसते. रॉडरिक स्मिथ यांच्या 'जीडिस्क' संचाने ती राखीव पाटी नव्या टोकाला लिहून घ्यावी लागते. जुन्या एमबीआर पद्धतीत पाटी फक्त सुरुवातीला असते, तिथे ही कटकट नाही. शेवटी पार्टिशन आणि फाइल सिस्टिम वाढवून ३२ जीबीची सगळी जागा वापरात आणायची.

एक सावधगिरी. नक्कल झालेल्या ड्राइव्हवर मूळचाच ओळख क्रमांक उतरतो. दोन्ही ड्राइव्ह एकाच वेळी एका संगणकाला लावून सुरू केले तर लिनक्सला कोणता कोण हे कळत नाही. म्हणून एका वेळी एकच लावावा. आणि 'एक्सएफएस' नावाची फाइल सिस्टिम असेल तर आवळण्याचा विचार सोडावा, ती वाढते पण आवळली जात नाही. तिथे फाइल्सच उतरवाव्या लागतात.

रिकामी जागा रिकामी नसते

या कामात एक गोष्ट प्रकर्षाने समजली, ती प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा सहसा वहीतली नोंद खोडली जाते. खणातला माल तिथेच असतो, दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत. 'डीडी' वही वाचत नाही, त्यामुळे ती डिलीट केलेल्या फाइल्सही इमानाने उतरवते. त्याच ड्राइव्हवर कधीकाळी आपले बँकेचे कागद किंवा घरचे फोटो ठेवले असतील, तर दुसऱ्याला दिलेल्या नकलेत तेही जाऊ शकतात.

वही वाचणारे साधन रिकामे खण उचलत नाही, म्हणून वाटायच्या प्रतींसाठी ते बरे. उलट, पोलीस तपासात जप्त केलेल्या उपकरणाची नक्कल करायची असते तेव्हा डिलीट केलेलेही हवे असते. तिथे 'डीडी'सारखी बाइटगणिक नक्कलच मान्य होते. एकाच साधनाचा दोष दुसऱ्या जागी गुण ठरतो. हातात कोणते साधन आहे आणि प्रत कोणासाठी आहे, हे आधी ठरवावे.

अस्सल बरहुकूम

मराठीने 'नक्कल' हा शब्द अरबीतून फारसीमार्फत घेतला. मूळ अर्थ एका जागेवरून दुसरीकडे नेणे. तहसील कचेरीत आजही सातबाऱ्याची नक्कल मागतात. जुन्या दस्तांच्या प्रतीवर 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा असे, म्हणजे मुळाप्रमाणे उतरवलेली. हा शेरा कोणीतरी दोन्ही कागद ताडून पाहिल्यानंतरच मारायचा असे.

त्याहून जुनी एक रीत अरबी हस्तलिखितांच्या जगात होती. बगदादच्या वर्राकांच्या, म्हणजे नकलनवीस आणि ग्रंथविक्रेत्यांच्या बाजारात हजारो पोथ्या उतरवल्या जात. दहाव्या शतकात 'अल-फिहरिस्त' ही ग्रंथसूची लिहिणारा इब्न अल-नदीम याच पेशातला. उतरवलेली प्रत मूळ प्रतीसमोर ठेवून वाचली जाई. या कामाला 'मुकाबला' म्हणत. मराठीत मुकाबला म्हणजे लढत, पण मूळ अर्थ समोरासमोर ठेवणे. ताडणी कुठपर्यंत झाली, ते कडेला 'बलग' असा शब्द लिहून नोंदवले जाई, म्हणजे इथवर पोहोचलो. ताडणी न झालेल्या प्रतीवर विद्वान सहजासहजी भरवसा ठेवत नसत.

पेन ड्राइव्हच्या नकलेत ही मुकाबल्याची पायरीच बहुतेकजण गाळतात. कमांड संपली, पडद्यावर त्रुटी दिसली नाही, म्हणजे झाले असे समजतात. स्वस्त ड्राइव्हच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. पाकिटावर ३२ जीबी लिहिलेले आणि आत त्याहून फार कमी मेमरी असलेले बनावट ड्राइव्ह बाजारात फिरतात. ते लिहिताना तक्रार करत नाहीत, वाचताना उघडे पडतात.

मुकाबल्यासाठी आज 'शा-२५६' आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००२ साली मानक म्हणून जाहीर केलेली ही पद्धत प्रत्येक फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा काढते. फाइलमधला एक बिंदू जरी बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. मूळ ड्राइव्हवरच्या सर्व फाइल्सचे ठसे एका यादीत लिहून घ्यायचे, नवा ड्राइव्ह काढून पुन्हा लावायचा आणि यादीशी ताडायचा. आमच्या कागदांच्या प्रत्येक प्रतीसोबत ही यादी दिली आहे, म्हणजे पाच वर्षांनी कोणालाही पाहता येईल की कागद तेच आहेत का. आपल्या कायद्यानेही या ठशाचे महत्त्व मानले आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागते, त्याच्या नमुन्यात असा ठसा नोंदवायची जागा आहे.

आंधळ्या 'डीडी'पासून वही वाचणाऱ्या पार्टक्लोनपर्यंतच्या या प्रवासातून एवढे शिकता येते की मोठ्याचे छोट्यात आणणे हा जागेचा प्रश्न कमी आणि ओळखीचा जास्त आहे. आपल्याकडे काय आहे, ते कुठे ठेवले आहे आणि त्यातले रिकामे किती, हे ज्याला ठाऊक आहे त्याचा माल छोट्या गोदामातही मावतो. ज्याच्या घरी जुने कागद आहेत त्याने ते स्कॅन करावेत, स्वस्तातल्या दोन-चार ड्राइव्हवर उतरवावेत, वेगवेगळ्या घरांत ठेवावेत. आणि प्रत देण्याआधी मुकाबला करावा.